परवलीचा शब्द हरवतो तेव्हां

घरांतील एखादी किल्ली हरवली तर सारें घर ती शोधूं लागतें. कोणी फडताळ पाहतो, कोणी कोनाडा पाहतो, आणि अखेर ती कोणाच्या तरी खिशांत सांपडते. परंतु हल्लीं आपल्या घरांत एक अशी किल्ली आली आहे कीं, ती हरवली असतां शोधावी कोठें हेंच कोणास सुचत नाहीं. ती लोखंडाची नसून शब्दाची आहे. घरच्या वाय-फायचा परवलीचा शब्द, ज्यास मुलें ‘पासवर्ड’ म्हणतात, ती ही किल्ली होय. छावणींतील पहारेकरी जाणाऱ्या-येणाऱ्यास परवलीचा शब्द विचारी, त्यामुळें तो सर्वांच्या जिभेवर असे. घरचा शब्द मात्र एकदां यंत्रांत घातला कीं वर्षानुवर्षें कोणी विचारीत नाहीं, आणि म्हणूनच तो विसरला जातो.

हा शब्द परत मिळविण्याची युक्ति सोपी आहे, व तिचें साधन बहुतेकांच्या खिशांतच असतें. ती या लेखांत सांगावयाची आहेच. तथापि आमच्या घरीं ती ज्या प्रसंगानें शिकावी लागली, त्या प्रसंगीं माझ्या हातून एक अन्याय घडला. तो सांगितल्यावांचून नुसती युक्ति सांगणें मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

एका दुपारची गोष्ट

आमचें घर साताऱ्यास जुन्या वस्तींत आहे. वाडा वडिलोपार्जित, भिंती मातीच्या व हातभर जाडीच्या. उन्हाळ्यांत त्या गारवा देतात, परंतु मोबाईलच्या लहरी त्यांतून आंत नीट येत नाहींत. माजघरांत बोलतां बोलतां आवाज तुटतो. म्हणून सन २०२१ मध्यें, मुलांची शाळा घरांतच भरत होती त्या काळांत, आमचे वडील बंधु अण्णा यांनीं पुढाकार घेऊन इंटरनेटची तार घरांत आणविली व माजघरांत राउटर बसविला. राउटर म्हणजे तारेनें आलेलें इंटरनेट लहरींच्या रूपानें घरभर वांटून देणारी पेटी. ती बसविण्यास आलेल्या मुलानें विचारलें, “आजोबा, पासवर्ड काय ठेवूं?” अण्णांनीं एक संस्कृत शब्द व त्याच्यापुढें एक साल सांगितलें. मुलानें तें यंत्रांत घातलें, घरांतील सर्वांचे फोन जोडून दिले व तो निघून गेला. त्या दिवसानंतर आमच्या घरांत तो शब्द कोणी उच्चारला नाहीं.

अण्णा आज शहात्तर वर्षांचे आहेत. दोन वर्षांपासून त्यांची स्मृति मंदावत चालली आहे. सकाळीं काय जेवलों हें त्यांना संध्याकाळीं आठवत नाहीं. परंतु पन्नास वर्षांपूर्वीं पाटबंधाऱ्याच्या कामावर असलेल्या मुकादमाचें नांव ते गांवासह सांगतात. पुण्याच्या एका तज्ज्ञ डॉक्टरांनीं त्यांना एकदां प्रत्यक्ष तपासलें होतें. प्रवासांत अण्णा फार गोंधळतात, म्हणून पुढील तपासणी व्हिडिओवरून करावी असें ठरलें. तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली, सायंकाळीं पांचची. डॉक्टरांना त्यांच्याकडून कांहीं चित्रें ओळखून घ्यावयाचीं होतीं, आणि फोनच्या लहानशा पडद्यावर अण्णांना नीट दिसत नाहीं. यासाठीं त्यांच्या कन्येनें पुण्याहून मोठ्या पडद्याचा टॅब्लेट पाठवून दिला. तो त्याच दिवशीं दुपारीं हातीं आला.

माझ्या नातवानें तो उघडला. घरच्या वाय-फायचें नांव पडद्यावर आलें व त्याखालीं परवलीच्या शब्दाची मागणी आली. मीं चिरंजीवांस कचेरींत फोन केला. ते म्हणाले, “मला कोठें आठवतोय? माझा फोन घरीं आला कीं आपोआप जोडला जातो.” घरांतील प्रत्येकाचें उत्तर तेंच. मग आम्ही अण्णांकडे वळलों. नातवानें विचारलें, “मोठे आजोबा, वाय-फायचा पासवर्ड कोणता ठेवला होतात?”

अण्णांनीं क्षणाचाहि विलंब न लावतां शब्द सांगितला व सालहि सांगितलें. नातवानें तो घातला. यंत्रानें नाकारला. पुन्हां घातला, पुन्हां नाकारला. त्यानें स्पेलिंग थोडें बदलून पाहिलें, तरी तेंच. तेव्हां मी म्हणालों, “अण्णा, नीट आठवा. दुसराच कांहीं शब्द ठेवला असेल.”

हें वाक्य मीं साधेपणानें उच्चारलें नाहीं, हें आज मला कबूल केलें पाहिजे. त्यांत चौतीस वर्षें फळ्यापुढें उभें राहिलेल्या माणसाची हुकमत होती. अण्णांनीं दुसरा शब्द सांगितला. तोहि चालला नाहीं. मग त्यांनीं आमच्या आईचें नांव सांगितलें, मग जुन्या घराचा क्रमांक सांगितला. त्यानंतर ते गप्प झाले. थोड्या वेळानें म्हणाले, “बापू, आतां माझ्या डोक्यांत कांहीं राहत नाहीं रे.” आणि उठून ओसरीवर जाऊन बसले. वहिनींनीं चहा नेला, तो तसाच निवला.

इकडे शेजारच्या एका तरुणानें सल्ला दिला कीं, राउटरच्या पाठीमागें एक बारीक भोंक असतें, त्यांत टांचणी दाबून धरावी म्हणजे सर्व कांहीं नवें होतें. मी टांचणी आणविलीहि होती. इतक्यांत चार वाजतां आमच्या सूनबाई महाविद्यालयांतून शिकवून घरीं आल्या. त्यांनीं आधीं माझा हात धरला, मग विचारलें, “मामंजी, तुमचा फोन वाय-फायला जोडलेला आहे ना?”

“आहे.”

“मग द्या पाहूं इकडे.”

त्यांनीं माझ्या फोनांत दोन-तीन ठिकाणीं बोट लावलें व फोन माझ्यापुढें धरून म्हणाल्या, “अंगठा ठेवा.” मीं ठेवला. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची चौकट उमटली आणि तिच्याखालीं बारीक अक्षरांत तो परवलीचा शब्द. मी पाहतच राहिलों. जो शब्द दोन तास सारें घर शोधीत होतें, तो माझ्याच सदऱ्याच्या खिशांत होता.

परंतु त्याहून मोठें आश्चर्य पुढें होतें. तो शब्द अण्णांनीं पहिल्यानें सांगितलेलाच होता, सालहि तेंच होतें. भेद इतकाच कीं, आमच्या नातवानें जेथें ‘व्ही’ लिहिला होता तेथें त्या बसविणाऱ्या मुलानें ‘डब्ल्यू’ लिहिला होता, एका दीर्घ स्वरासाठीं एकाच्या जागीं दोन अक्षरें घातलीं होतीं, आणि पहिलें अक्षर इंग्रजी मोठ्या लिपींतलें होतें. म्हणजे अण्णा विसरलेच नव्हते. त्यांनीं शब्द सांगितला होता, त्याचें रोमन रूप दुसऱ्यानें ठरविलें होतें व तें त्यांना कोणी कधीं दाखविलें नव्हतें.

सूनबाई ओसरीवर गेल्या व म्हणाल्या, “मोठे मामंजी, तुम्ही सांगितलेला शब्दच बरोबर होता. लिहिणाऱ्यानें स्पेलिंग निराळें केलें होतें.”

अण्णांनीं विचारलें, “सालहि?”

“सालहि.”

ते कांहीं बोलले नाहींत. उठले, तोंडावर पाणी मारलें, कोट अंगांत घातला व डॉक्टरांपुढें बसण्यासाठीं माजघरांत आले. पांचाला अद्याप वीस मिनिटें होतीं.

शब्द कोठें जपला जातो

आतां युक्तीकडे वळूं. फोन एकदां वाय-फायला जोडला गेला म्हणजे पुढील वेळीं पुन्हां विचारावें लागूं नये म्हणून तो वाय-फायचें नांव व परवलीचा शब्द हीं दोन्ही आपल्या पोटांत जपून ठेवतो. आपण विसरतों, यंत्र विसरत नाहीं. मात्र तो जपलेला शब्द तो वाटेल त्यास दाखवीत नाहीं. मालकाचा अंगठा, चेहरा किंवा कुलपाचा आंकडा मागतो व तो पटल्यावरच दाखवितो. म्हणून घरांतील एकाचा जरी फोन जोडलेला असेल तरी शब्द हरवला असें मानूं नये.

अँड्रॉइड जातीच्या फोनांत ही सोय अँड्रॉइड १० या आवृत्तीपासून, म्हणजे सन २०१९ पासून आहे. फोनाच्या ‘सेटिंग्ज’मध्यें जावें. तेथें ‘नेटवर्क आणि इंटरनेट’ किंवा ‘कनेक्शन्स’ असें सदर असतें. निरनिराळे कारखाने निरनिराळे शब्द योजतात. त्यांत ‘वाय-फाय’ निवडावें. जोडलेल्या घरच्या वाय-फायच्या नांवावर, किंवा त्याच्याशेजारीं जें दंतचक्राचें चिन्ह असतें त्यावर, बोट लावावें. पुढें ‘शेअर’ किंवा ‘क्यूआर कोड’ असें आढळतें. तें दाबलें कीं फोन कुलूप उघडावयास सांगतो व नंतर ठिपक्यांची चौकट दाखवितो. पुष्कळ फोनांत तिच्याखालींच परवलीचा शब्द अक्षरांनीं लिहिलेला असतो.

कित्येक फोनांत चौकट दिसते, परंतु शब्द दिसत नाहीं. तरी चिंता नाहीं. नव्या यंत्राच्या कॅमेऱ्यानें ती चौकट टिपली असतां तें शब्दावांचूनच जोडलें जातें. शब्द वाचावयाचाच असेल तर त्या पडद्याचें चित्र फोनांतच टिपून तें ‘गूगल लेन्स’कडून वाचवून घ्यावें. कारण त्या चौकटींत वाय-फायचें नांव, कुलपाचा प्रकार व परवलीचा शब्द हींच एका ओळींत साध्या अक्षरांनीं गुंफलेलीं असतात. याच कारणास्तव काम झालें म्हणजे तें चित्र पुसून टाकावें, व नातेवाइकांच्या सामायिक गटांत तें कदापि धाडूं नये. तें धाडणें म्हणजे किल्ली वेशीवर टांगणें होय.

आयफोनांत ही सोय सप्टेंबर २०२२ मध्यें निघालेल्या आयओएस १६ या आवृत्तीपासून आली. ‘सेटिंग्ज’मध्यें ‘वाय-फाय’ उघडून घरच्या नांवापुढील वर्तुळांतील ‘आय’ या अक्षरावर बोट लावावें. तेथें ‘पासवर्ड’ या शब्दापुढें ठिपके दिसतात. त्यांवर बोट लावून चेहरा, अंगठा किंवा आंकडा पटविला कीं ठिपक्यांच्या जागीं अक्षरें येतात.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. शब्द पाहण्यासाठीं फोन त्या क्षणीं घरांत असलाच पाहिजे असें नाहीं. पूर्वीं जोडलेल्या सर्व वाय-फायांची यादी फोन ठेवतो. अँड्रॉइडमध्यें तिला ‘सेव्ह्ड नेटवर्क्स’ म्हणतात, आणि आयफोनांत वाय-फायच्या पानावरील ‘एडिट’ दाबल्यानें ती उघडते. म्हणून दिवाळींत येऊन गेलेला पुण्याचा भाचा, किंवा परदेशीं असलेला पुतण्या, हाहि आपल्या फोनांतून तुमच्या घरचा शब्द वाचून सांगूं शकेल. मात्र त्यानें तो पुरवणीसह सांगावा : मोठें अक्षर कोणतें, लहान कोणतें, अक्षर कोणतें व अंक कोणता.

फोनानें साथ न दिल्यास

फोन फार जुने असले तर काय करावें? पहिल्यानें राउटर उलटा करून त्याच्या तळाची चिठ्ठी पाहावी. बसवितांना शब्द बदलला नसेल तर कारखान्यानें घातलेला मूळ शब्द तेथें छापलेला असतो. घरांत विंडोजचा संगणक जोडलेला असेल तर त्यांतहि वाय-फायच्या गुणधर्मांच्या पानावर तो शब्द पाहतां येतो.

तिसरा मार्ग राउटरच्या स्वतःच्या पानाचा. घरच्या वाय-फायला जोडलेल्या फोनावर ब्राउझर उघडून चिठ्ठीवर दिलेला पत्ता लिहावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो, व आंकडे इंग्रजींत लिहावयाचे असतात. तेथें व्यवस्थापकाचें नांव व त्याचा निराळा परवलीचा शब्द मागतात. तो पटल्यावर ‘वायरलेस’ या सदरांत घरचा शब्द दिसतो किंवा बदलतां येतो. हें काम घरांतील जाणत्यानें करावें. इतर सदरांस हात लावूं नये.

टांचणीचा मार्ग अगदीं शेवटचा. ती कांहीं सेकंद दाबून धरली असतां राउटर जन्मतः होता तसा होतो, हें खरें. परंतु इंटरनेट पुरविणाऱ्या मंडळींनीं त्यांत भरलेली माहितीहि कित्येकदां त्याबरोबर पुसली जाते, आणि मग त्यांचा माणूस येईपर्यंत सारें घर बंद. मीं ती टांचणी टोंचली असती तर पांच वाजतां अण्णा कोऱ्या पडद्यापुढें बसले असते.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. ‘कोणाचाहि वाय-फाय पासवर्ड काढून देतों’ असें म्हणणारीं अनेक अॅप्स मिळतात. तीं घेऊं नयेत. आपल्या घरचा शब्द आपल्याच फोनांत असतां परक्यास घरांत घेण्याचें कारण काय? आणि शेजाऱ्याचा शब्द त्याच्या परवानगीवांचून मिळविणें हा नुसता असभ्यपणा नव्हे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या ४३ व्या व ६६ व्या कलमांनीं दुसऱ्याच्या संगणकजाळ्यांत अनुज्ञेवांचून शिरणें दंडनीय ठरविलें आहे. मुलांना हें खेळ वाटतें, म्हणून वडिलांनीं तें स्पष्ट सांगावें.

लिपीचा घोटाळा

आमची खरी चूक जेथें झाली तिकडे वाचकांचें लक्ष वेधतों, कारण ती मराठी घरांत पदोपदीं होण्यासारखी आहे. आपण शब्द मनांत देवनागरींत धरतों आणि यंत्रांत रोमन लिपींत घालतों. देवनागरींत ऱ्हस्व-दीर्घ आहे, मोठें-लहान अक्षर नाहीं. रोमन लिपींत मोठें-लहान आहे, ऱ्हस्व-दीर्घाची निश्चिति नाहीं. ‘ज्ञानेश्वर’ हें नांवच घ्या. त्यांतील ‘ज्ञ’ कोणी ‘डी’ व ‘एन्’ यांनीं लिहितो, कोणी ‘जी’ पासून आरंभ करतो, कोणी ‘जे’ पासून. ‘श्व’ मध्यें कोणी ‘व्ही’ लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’. पहिला आकार एका ‘ए’नें लिहावा कीं दोन ‘ए’नीं, याचाहि नियम नाहीं. उच्चार एक, लेखनें अनेक. माणूस त्यांतलें कोणतेंहि समजून घेतो. यंत्र एकच मानतें. त्यांत भर म्हणून इंग्रजी ‘ओ’ व शून्य, लहान ‘एल’ व एक, हीं डोळ्यांस सारखींच दिसतात.

म्हणून शब्द योजतांना ज्यांचें रोमन लेखन एकाहून अधिक प्रकारें होतें असे शब्द टाळावेत. त्याऐवजीं सोपे, परस्परांशीं संबंध नसलेले तीन-चार शब्द एकापुढें एक लिहावेत. वाय-फायचा शब्द ८ पासून ६३ अक्षरांपर्यंत चालतो. लांब शब्द परक्यास ओळखण्यास अवघड आणि घरच्यांस आठवण्यास सोपा असतो. घरांतील माणसांचीं नांवें व जन्मसालें घालूं नयेत, कारण तीं साऱ्या आळीला ठाऊक असतात.

स्मृति एकाच्या माथीं नसावी

ज्या चौकटीनें आमचें काम झालें ती क्यूआर चौकट सन १९९४ मध्यें जपानांत डेन्सो या उद्योगसमूहांतील मासाहिरो हारा यांनीं मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठीं काढली. तिच्या तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन कॅमेऱ्यास दिशा दाखवितात. तिचा विशेष असा कीं, मजकूर तिच्यांत जितका लागतो त्याहून अधिक खुणांनीं गुंफलेला असतो, त्यामुळें चौकटीचा कांहीं भाग फाटला किंवा मळला तरी उरलेल्या भागावरून सर्व मजकूर पुन्हां उभा करतां येतो. सर्वांत पक्क्या प्रकारांत सुमारें ३० टक्के भाग बिघडला तरी चालतें.

हें सूनबाईंनीं मला समजावून सांगितलें तेव्हां पाठशाळेंतील दिवस डोळ्यांपुढें आले. आमचे गुरुजी घनपाठी होते. पहिलें पद, दुसरें पद. मग दुसरें, पहिलें. मग पहिलें, दुसरें, तिसरें. पुन्हां तिसरें, दुसरें, पहिलें. आणि पुन्हां सरळ तिन्ही. या उलटसुलट गुंफणीचा हेतु हाच कीं, एखादें पद निसटलें किंवा जागा चुकलें तर तें तत्काळ ध्यानांत यावें. वेदपठणाची ही परंपरा सन २००८ मध्यें युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत समाविष्ट केली. परंतु ती टिकली ती केवळ गुंफणीमुळें नव्हे. एकच पाठ अनेक मुखीं होता, म्हणून ती टिकली. एकाचा चुकला तर दुसरा सावरी. आणि चुकणाऱ्याची मान खालीं जात नसे, कारण सावरणें हा पाठाचाच भाग होता.

आमच्या घरांत याच्या उलट घडलें. शब्द एकट्या अण्णांच्या माथीं ठेवून आम्ही सर्व निश्चिंत झालों. चार वर्षें त्यांना कोणी विचारलें नाहीं, आणि ज्या दिवशीं विचारलें त्या दिवशीं उत्तर जुळेना म्हणून दोष त्यांच्या स्मृतीस दिला. त्यांचा आजार आम्हांस ठाऊक होता, म्हणून हा निष्कर्ष फार सोपा वाटला. शाळेंत असतांना मीं कित्येक मुलांस ‘पाठ केलें नाहींस’ म्हणून उभें केलें असेल. त्यांतील किती जणांचें उत्तर बरोबर होतें आणि माझ्या वहींतील लेखन निराळें होतें, कोण जाणे. वृद्धांच्या बाबतींत तर आपण हें नित्य करतों. एकदां ‘यांना आठवत नाहीं’ असें ठरलें कीं ते बरोबर बोलले तरी आपण ऐकत नाहीं. आणि चार वेळां नाकारलें म्हणजे त्यांचाहि स्वतःवरील विश्वास उडतो. अण्णांनीं पहिला शब्द अगदीं खात्रीनें सांगितला होता. चौथा त्यांनीं आमची समजूत काढण्यासाठीं सांगितला.

म्हणून एकत्र कुटुंबांतील गृहस्थांस व गृहिणींस माझी विनंति आहे कीं, आजच सायंकाळीं वरील रीतीनें घरचा शब्द फोनांतून काढून घ्यावा व तो कागदावर उतरावा. प्रत्येक अक्षर सुटें लिहावें. मोठ्या अक्षराखालीं रेघ ओढावी. शून्याच्या पोटांत तिरकी रेघ द्यावी. आणि त्याशेजारीं तोच शब्द देवनागरींतहि लिहावा. घराचे कागद व विम्याचे कागद ज्या पाकिटांत असतात त्यांतच तो ठेवावा. त्याच कागदावर राउटरच्या व्यवस्थापकाचा शब्द व इंटरनेट पुरविणाऱ्यांचा ग्राहक-क्रमांकहि लिहावा. आणि हा कागद कोठें आहे हें निदान तिघांस ठाऊक असावें, त्यांत एक जण तरुण व एक स्त्री असावी. आमच्या समाजांत घरच्या व्यवहाराची माहिती एका कर्त्या पुरुषापाशीं ठेवण्याची रीत आहे. तो आजारी पडला म्हणजे बँकेचें खातें कोठें, विम्याचा हप्ता कधीं, हें बायकांना ठाऊक नसतें, व दुःखाच्या दिवसांत त्यांना कपाटें उपसावीं लागतात. वाय-फायचा शब्द ही त्यांतील लहानांत लहान गोष्ट. तीपासून आरंभ केला तर पुढील गोष्टी आपोआप त्या पाकिटांत येतील.

त्या दिवशीं डॉक्टरांनीं पाऊण तास अण्णांशीं बोलून एक औषध बदललें. आजार आहेच, तो वाढूं नये यासाठीं खटपट चालू आहे. आम्हीं घरचा शब्द मात्र बदलला नाहीं. त्यांतील साल घरांतील कोणाचें जन्मसाल नाहीं, आणि तो ठेवण्याचें खरें कारण सोईचें नाहीं, हें वाचकांनीं ओळखलेंच असेल. आमच्या गोदरेजच्या कपाटांतील पाकिटांत जो कागद आहे तो अण्णांनीं स्वहस्तें लिहिला आहे. सूनबाईंनीं एकेक अक्षर सांगितलें, त्यांनीं तें काढलें. हात थोडा कांपला आहे, तरी अक्षर वाचतां येतें.

आतां घरांत नवें यंत्र आलें म्हणजे नातू प्रथम अण्णांकडे जातो. ते शब्द सांगतात, आणि तो कागदावर पाहून लिहितो. मागच्या महिन्यांत एकदां त्यांनीं साल चुकीचें सांगितलें. नातू म्हणाला, “मोठे आजोबा, शेवटचा आंकडा तेवढा पाहूं या कां?” दोघांनीं मिळून कागद पाहिला, आणि काम झालें.